घरच्या मीडिया सर्व्हरचा डॅशबोर्ड: लक्ष मशिनवर की माणसांवर?

नोव्हेंबर २०२३ मध्ये प्लेक्स हे ॲप वापरणाऱ्या अनेकांना एक ईमेल आला. या आठवड्यात तुम्ही काय पाहिलं आणि तुमच्या मित्रांनी काय पाहिलं, याचा तो आढावा होता. वरवर पाहता गंमतच. पण मेल वाचता वाचता अनेकांच्या डोक्यात ट्यूब पेटली. मित्राने काय पाहिलं ते आपल्याला कळतंय, म्हणजे आपण काय पाहिलं तेही त्याला कळत असणार. काहींच्या यादीत चारचौघांत नाव घेता येणार नाही असे सिनेमेही होते. ४०४ मीडिया या अमेरिकन वेबसाइटने बातमी केली आणि एकच ओरड सुरू झाली.

कंपनीचं म्हणणं होतं, की आम्ही आधी विचारलं होतं. ॲप उघडल्यावर एक चौकट येत होती, त्यात काय दाखवायचं ते निवडता येत होतं. वापरणाऱ्यांचं म्हणणं होतं, की अशा चौकटी कोण वाचतं? सिनेमा लावायची घाई असते, समोर येईल ते बटण दाबून माणूस पुढे जातो.

पण मूळ प्रश्न वेगळाच आहे. सिनेमा स्वतःच्या हार्डडिस्कवर, कॉम्प्युटर स्वतःच्या घरात, टीव्हीही स्वतःचा. मग आपण काय पाहिलं याची नोंद झाली कुठे आणि कशासाठी?

मीडिया सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हटलं की एसी खोलीतली मोठमोठी कपाटं डोळ्यासमोर येतात. इथे मात्र जुना लॅपटॉपही चालतो. समजा, हिंगोलीत एक घर आहे. लग्नाच्या डीव्हीडी, बारशाचे व्हिडिओ, नर्सी नामदेवच्या यात्रेत मोबाइलवर काढलेली क्लिप, शाळेचं स्नेहसंमेलन, विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्क, असं सगळं एका हार्डडिस्कवर गोळा केलंय. त्या लॅपटॉपवर प्लेक्स, जेलीफिन किंवा एम्बी यांपैकी एक सॉफ्टवेअर टाकलं, की घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर नेटफ्लिक्ससारखी पोस्टरची भिंत तयार होते. नीट मांडणी केली तर पुण्यात शिकणारी बहीण आणि वसमतला राहणारे काकाही तेच पाहू शकतात. (दुसऱ्याच्या सिनेमाची कॉपी वाटणं हा कॉपीराइटचा प्रश्न आहेच. सर्व्हर घरात आहे म्हणून तो सुटत नाही.)

जुन्या लॅपटॉपचा एक फायदा असा, की लाइट गेली तरी बॅटरीवर तो लगेच बंद पडत नाही. ज्या भागात उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, तिथे ही छोटी गोष्ट नाही. अचानक बंद पडलेल्या मशिनमध्ये डेटाबेस बिघडण्याची भीती असते.

या तीन सॉफ्टवेअरचं नातंही सांगायला हवं. एम्बीने आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणं थांबवलं, तेव्हा नाराज झालेल्या लोकांनी डिसेंबर २०१८ मध्ये त्याच जुन्या कोडवरून जेलीफिन सुरू केलं. ते मोफत आहे आणि त्यामागे कंपनी नाही, स्वयंसेवक आहेत. प्लेक्स ही कंपनी आहे. तिथे खातं कंपनीच्या सर्व्हरवर उघडावं लागतं. जेलीफिनमध्ये खातं घरच्याच मशिनवर राहतं. डॅशबोर्डबद्दलच्या बहुतेक वादांचं मूळ या एका फरकात सापडतं.

डॅशबोर्डवर दिसतं काय?

सर्व्हर चालवणाऱ्याला, म्हणजे ॲडमिनला, एक वेगळं पान दिसतं. आत्ता कोण काय पाहतंय, कुठल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर, किती मिनिटांवर आहे, किती डेटा जातोय, प्रोसेसरवर किती ताण आहे. खाली कोणी लॉगिन केलं, कोणाचा पासवर्ड चुकला, कुठलं अपडेट आलंय याची यादी. प्लेक्समध्ये यातले सखोल आलेख पैसे भरून प्लेक्स पास घेणाऱ्यांना मिळतात.

हे पान मुळात मशिनसाठी केलेलं आहे. त्यातला सगळ्यात उपयोगी शब्द म्हणजे ट्रान्सकोडिंग. टीव्हीला फाइल आहे तशी चालवता येत असेल तर सर्व्हर ती नुसती पाठवून देतो. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि त्यात जुन्या लॅपटॉपलाही घाम फुटत नाही. पण टीव्ही जुना असेल, त्याला नवा एचईव्हीसी फॉरमॅट कळत नसेल, किंवा सबटायटल चित्राच्या स्वरूपात असतील आणि ती प्रत्येक फ्रेमवर चिकटवावी लागत असतील, तर सर्व्हरला सिनेमा पाहता पाहता नव्याने बनवावा लागतो. हे झालं ट्रान्सकोडिंग. यात प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो, पंखा भणभणतो आणि टीव्हीवर गोल चक्र फिरत राहतं. स्वस्त म्हणून रास्पबेरी पाय घेणारे इथेच अडकतात. नव्या पाय ५ मध्ये तर व्हिडिओ नव्याने बनवण्याची हार्डवेअरची सोयच नाही.

म्हणून वापरणाऱ्यांची पहिली आणि जुनी तक्रार अशी: ट्रान्सकोड होतंय हे दाखवता, पण का होतंय ते सांगा ना. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू सिनेमाच्या चौकटीतलं माहितीचं चिन्ह दाबलं की कारण दिसतं, म्हणजे ऑडिओ चालत नाही, व्हिडिओ चालत नाही की सबटायटलचा घोळ आहे. एवढ्या एका ओळीने तासाभराची डोकेफोड वाचते.

दुसरी नेहमीची तक्रार डेटाच्या आलेखाची. आलेख एकदम उंच उडतो, मग शून्यावर येतो, पुन्हा उडतो. लोकांना वाटतं नेट तुटतंय. खरं तर टीव्ही पुढच्या काही मिनिटांचा सिनेमा एका घोटात ओढून साठवून ठेवतो आणि मग थांबतो. आलेखातले सुळके हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण आहे.

इथेच गोष्ट फिरते

मशिनची तब्येत पाहायची तर कोणता सिनेमा, कुठल्या टीव्हीवर, किती वाजता चालला हे कळावंच लागतं. आणि नेमकी तीच माणसाचीही नोंद असते. दोन्हींचा कागद एकच.

टॉटुली नावाचं एक साधन आहे. आधी त्याचं नाव प्लेक्सपाय होतं. टॉटुली हा इनुइट लोकांच्या भाषेतला शब्द आहे, अर्थ पाहणं किंवा लक्ष ठेवणं. प्लेक्सचा स्वतःचा डॅशबोर्ड पुरेसा वाटत नाही असं म्हणणाऱ्यांनी ते उचलून धरलं. कोणी, कुठल्या दिवशी, कुठल्या यंत्रावर, कुठल्या आयपी पत्त्यावरून, सिनेमाचा किती टक्के भाग पाहिला, मध्ये किती वेळ थांबवला, याचा वर्षानुवर्षांचा इतिहास ते साठवतं. कोणी सिनेमा लावला की ॲडमिनच्या मोबाइलवर नोटिफिकेशन पाठवू शकतं. जेलीफिनमध्ये असंच काम प्लेबॅक रिपोर्टिंग हे प्लगइन आणि जेलीस्टॅट करतात.

ॲडमिनला ही माहिती कमीच वाटते. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती गोळा होते हेच माहीत नसतं. म्हणजे वापरणाऱ्यांचा अभिप्राय म्हणून जो कंपनीपर्यंत पोहोचतो, तो जवळजवळ सगळा सर्व्हर चालवणाऱ्यांचा असतो. रात्री अकराला गुपचूप जुनी मालिका लावणाऱ्या आजीचा अभिप्राय कोणी विचारत नाही.

टॉटुलीत पाहुण्यांना प्रवेश देण्याची सोय आहे. ॲडमिनने ती सुरू केली तर घरातला प्रत्येक जण लॉगिन करून स्वतःची नोंद पाहू शकतो. सुरू केली तर.

नोंद खरी, अर्थ चुकीचा

हिंगोलीच्या त्या घराकडे परत येऊ. दादा सर्व्हर चालवतो. एक दिवस त्याला दिसतं, की बहिणीच्या नावाने रात्री दोन वाजता मुंबईहून कोणीतरी सिनेमा पाहतंय. ती तर पुण्यात हॉस्टेलवर आहे. पुढचा फोन कसा होईल याची कल्पना करता येते.

पण ती मुंबईत असेलच असं नाही. आयपी पत्त्यावरून काढलेलं ठिकाण हे माणसाचं ठिकाण नसतं. आपल्याकडे मोबाइल आणि अनेक फायबर कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागून इंटरनेट देतात. याला सीजीनॅट म्हणतात. तो पत्ता कंपनीच्या ज्या शहरातल्या केंद्रावर नोंदलेला असतो, ते शहर डॅशबोर्डवर दिसतं. सेनगावच्या शेतात बसून पाहणारा माणूसही नकाशावर मुंबईकर होऊ शकतो.

रात्री दोनचंही तसंच. पहिला भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो आणि माणूस कधीच झोपलेला असतो. डॅशबोर्डच्या लेखी मात्र त्याने चार भाग पाहिले. आणि घरात सगळे एकच खातं वापरत असतील तर नावालाही अर्थ उरत नाही. आईच्या नावावर दिसणारं कार्टून भाच्याने पाहिलेलं असतं.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथल्या शास्त्रज्ञांपुढचं एक मोठं काम हे असेल, की आलेलं कंपन दूरच्या कृष्णविवरांचं आहे की रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचं, हे ठरवणं. त्यासाठी जगभरात शेकडो लोक राबतात. घरचा डॅशबोर्ड वाचणारा दादा मात्र एकटा असतो आणि त्याचं मत आधीच झालेलं असतं.

२०१७: वापरणाऱ्यांनी कंपनीला मागे घेतलं

घरातल्या घरात नोंद राहणं वेगळं आणि ती कंपनीकडे जाणं वेगळं. ऑगस्ट २०१७ मध्ये प्लेक्सने नवं गोपनीयता धोरण जाहीर केलं. त्यात वापराची आकडेवारी कंपनीला न पाठवण्याचा पर्याय काढून टाकला होता. सिनेमाचं नाव आम्ही घेत नाही, फक्त लांबी, बिटरेट, रिझोल्युशन अशी तांत्रिक माहिती घेतो, असं कंपनीचं म्हणणं.

वापरणाऱ्यांनी लगेच दाखवून दिलं, की सिनेमाची अचूक लांबी हाच त्याचा अंगठ्याचा ठसा आहे. दोन तास सोळा मिनिटं एकेचाळीस सेकंद आणि वर काही मिलीसेकंद, एवढ्या लांबीच्या किती फाइल जगात असतील? जोडीला बिटरेट घेतला तर फाइल ओळखणं आणखी सोपं.

काही दिवसांतच प्लेक्सचे सीईओ कीथ व्हॅलोरी यांनी भूमिका बदलली. लांबी, बिटरेट असे आकडे ढोबळ करून, म्हणजे जवळच्या आकड्यापर्यंत गोल करून, पाठवले जातील आणि स्वतःच्या मीडियाची आकडेवारी न पाठवण्याचा पर्याय परत दिला जाईल, असं त्यांनी जाहीर केलं. योगायोग असा, की याच महिन्यात, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला.

२०२३ च्या मेलचा घोळ याचीच पुढची पायरी होती. प्लेक्सने मधल्या काळात पाहिलेल्या गोष्टींची नोंद खात्याशी जोडण्याची सोय आणली होती, म्हणजे टीव्ही बदलला किंवा दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलात तरी कुठपर्यंत पाहिलं ते लक्षात राहावं. लोकांना ती सोय हवीच होती. पण नोंद एकदा खात्यावर गेली, की ती मित्रांना दाखवणं हे कंपनीसाठी फक्त एका बटणाचं काम उरतं.

पाहण्याची यादी एवढी नाजूक का?

१९८७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी पुढे आलं. तेव्हा एका पत्रकाराने त्यांच्या घराजवळच्या व्हिडिओ कॅसेट दुकानातून त्यांच्या कुटुंबाने भाड्याने नेलेल्या १४६ कॅसेटची यादी मिळवली आणि वॉशिंग्टनच्या सिटी पेपरमध्ये ती चर्चेला आली. यादीत आक्षेपार्ह काहीच नव्हतं. तरीही खासदारांना धडकी भरली, कारण कॅसेट तर त्यांच्याही घरी जात होत्या. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, कोणी कोणता व्हिडिओ नेला हे उघड करण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. कायदे इतक्या झटपट क्वचितच होतात.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात गावोगावी कॅसेट लायब्ऱ्या होत्या. कोण काय नेतं हे दुकानदाराच्या वहीत असायचं आणि तो बहुधा ओळखीचाच असायचा. आता ती वही घरातच आली आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपनीने डेटा घेताना स्पष्ट संमती घ्यावी, संमती मागे घेता यावी, अशा तरतुदी त्यात आहेत. पण याच कायद्याच्या कलम ३ मध्ये एक सूट आहे. एखादी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी डेटा हाताळत असेल तर हा कायदा तिला लागू होत नाही.

म्हणजे प्लेक्स कंपनीने तुमची यादी कोणाला दाखवली तर कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो. दादाने बहिणीची यादी जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवली, तर या कायद्यात त्यावर उत्तर नाही. तिथे जे काय ठरायचं ते घरातच ठरणार.

नोंद बंदच करून टाकली तर?

पूर्ण बंद होत नाही. अर्धा सोडलेला सिनेमा उद्या तिथूनच सुरू व्हावा असं वाटत असेल, तर कोण कुठे थांबलं हे सर्व्हरला लक्षात ठेवावंच लागतं. शिवाय काही नोंदी सुरक्षिततेसाठी लागतात. पासवर्ड वारंवार चुकल्याची किंवा अनोळखी यंत्रावरून लॉगिन झाल्याची ओळ डॅशबोर्डवर नसेल तर घुसखोर कळणार कसा?

त्यातली सगळ्यात दुर्लक्षित ओळ म्हणजे अपडेट आल्याची सूचना. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर २०२२ मध्ये हल्ला झाला आणि तिथून हल्लेखोर कंपनीच्या बॅकअपपर्यंत पोहोचले. वाट मिळाली ती त्याच्या घरच्या प्लेक्समधून. ज्या त्रुटीचा वापर झाला ती प्लेक्सने मे २०२० मध्येच दुरुस्त केली होती. त्याने अपडेट टाकलंच नव्हतं. दुसरीकडे, ऑगस्ट २०२२ मध्ये प्लेक्सच्याही डेटावर डल्ला पडला. ईमेल, युजरनेम आणि एन्क्रिप्ट केलेले पासवर्ड बाहेर गेले आणि सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं.

मग करता येतं ते एवढंच, की मशिनला लागेल तितकं ठेवायचं आणि बाकीचं पुसायचं. जेलीफिनचा ॲक्टिव्हिटी लॉग मुळात ३० दिवसांचाच असतो. प्लेबॅक रिपोर्टिंगसारखं प्लगइन टाकलं की त्याचा हिशोब वेगळा सुरू होतो, म्हणून किती काळ ठेवायचं ते तिथे वेगळं ठरवावं लागतं. घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र प्रोफाइल दिलं तर निदान भाच्याचं कार्टून आईच्या नावावर चढत नाही. टॉटुली चालू असेल तर ते चालू आहे हे पाहणाऱ्यांना सांगणं आणि पाहुण्यांचा प्रवेश सुरू करणं याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

प्लेक्सवर मित्रांना काय दिसावं हे खात्याच्या गोपनीयता सेटिंगमध्ये ठरतं. पाहिलेल्या गोष्टी फक्त स्वतःपुरत्या ठेवण्याचा पर्याय तिथे आहे. पण हे सेटिंग सर्व्हरचं नाही, खात्याचं आहे. ज्याचं खातं स्वतंत्र आहे त्याला ते स्वतः लॉगिन करून बदलावं लागतं. हिंगोलीतल्या दादाने कितीही मनावर घेतलं तरी पुण्यातल्या बहिणीचं आणि वसमतच्या काकांचं सेटिंग त्याला आपल्या डॅशबोर्डवरून बदलता येत नाही.